बारावीला गुण भरपूर, तरी शिष्यवृत्ती हुकते: अर्जाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दरवर्षी निकालानंतर ओळखीतली पाच-सात मुलं गुणपत्रिका घेऊन घरी येतात. कुणाला ८८ टक्के असतात, कुणाला ९४. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "कोणती शिष्यवृत्ती मिळेल?" माझा उलटा प्रश्न असतो, "उत्पन्नाचा दाखला कोणत्या तारखेचा आहे?" बहुतेकांकडे उत्तर नसतं.

गुण कमी पडले म्हणून हुकलेल्या शिष्यवृत्त्या मी थोड्याच पाहिल्या. दाखल्याची मुदत संपली, बँक खातं नीट जोडलेलं नव्हतं, अर्ज कॉलेजच्या टेबलावरून पुढे सरकलाच नाही किंवा दोन योजना एकत्र घेण्याच्या नादात दोन्ही गेल्या, अशी कारणं मात्र कितीतरी. म्हणून हा लेख योजनांच्या यादीपासून सुरू होत नाही. कोणतं काम कधी करायचं, या क्रमाने लिहिलाय. महाराष्ट्रात बारावी करून पदवीला जाणारी मुलं आणि त्यांचे पालक डोळ्यांसमोर आहेत.

टप्पा १: कागद, निकालाच्याही आधी

बारावीची परीक्षा संपली की मुलं सुट्टीवर जातात. त्या काळात पालकांनी एक फेरी सेतू केंद्रात मारावी किंवा "आपले सरकार" पोर्टलवरून अर्ज करावा.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त चुका याच कागदात होतात. तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ते छापलेलं असतं. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला महिन्या-दीड महिन्यात शिळा होतो आणि जुलैत अर्ज भरताना परत पळापळ. म्हणून तो १ एप्रिलनंतर, नवं आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर काढा. आई-वडील दोघंही कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं. आईची शिकवणी, वडिलांचं शेत, भाड्याची खोली, सगळं. नोकरदारांनी फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र आधीच काढून ठेवावं. दाखल्यावरचा आकडा आणि विवरणपत्रातला आकडा यांत फरक निघाला की छाननीत अर्ज अडतो.

यासोबत लागणारे कागद: अधिवास प्रमाणपत्र, दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, आरक्षित प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला, जिथे लागू आहे तिथे नॉन-क्रिमिलेअर, एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, आणि रेशनकार्ड. प्रवेश झाल्यावर यात बोनाफाइड, शुल्काची पावती आणि कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून जागा मिळाली असेल तर वाटपाचं पत्र जोडलं जाईल.

आता नावाची गंमत. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा चालून जातं. पण एका कागदावर "ऋतुजा" आणि दुसऱ्यावर "रुतुजा", किंवा आधारवर वडिलांचं नावच नाही, असं असेल तर पोर्टल आणि छाननी करणारा दोघंही थांबतात. गुणपत्रिका बदलून घेण्यापेक्षा आधार दुरुस्त करणं सोपं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा गुणपत्रिका समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवूनच अर्ज द्या.

तपासा: गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख मोठ्याने वाचा. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे तीन महिने त्यानेच वाचतात.

टप्पा २: बँक खातं, आणि "जोडलेलं" म्हणजे नक्की काय

जवळजवळ प्रत्येक घरात मला सांगितलं जातं, "आधार बँकेला लिंक आहे." पासबुक दाखवतात, बँकेचा मेसेज दाखवतात. तरी पैसे येत नाहीत. कारण बँकेकडे ओळखपत्र म्हणून आधार दिलेलं असणं ही एक गोष्ट, आणि सरकारी अनुदान येण्यासाठी ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) यादीत तुमच्या आधारशी जोडलेलं असणं ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला बँकेत "आधार सीडिंग" म्हणतात. त्यासाठी वेगळा संमती अर्ज भरावा लागतो.

एका आधारला एका वेळी एकच खातं असं जोडलेलं असतं. नंतर दुसरं खातं जोडलं की पहिलं आपोआप बाजूला पडतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे बारा हजार रुपये चार महिने "जमा झाले" असं दिसत होतं आणि पासबुकात मात्र कोरडं. शोध घेतला तर सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा लावून एका पेमेंट्स बँकेत त्याचं खातं उघडलं गेलं होतं. रक्कम तिकडे जाऊन पडली होती. त्याला त्या खात्याचा पत्ताच नव्हता.

मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघा. कोणत्या बँकेचं नाव आणि "ॲक्टिव्ह" असं दिसतंय का, ते पाहा. हवी ती बँक दिसत नसेल तर शाखेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या आणि काही दिवसांनी पुन्हा बघा.

इशारा: खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं, वडिलांच्या नाही. शाळेत असताना उघडलेलं अल्पवयीन म्हणून खातं असेल तर १८ पूर्ण होताच ते नियमित करून घ्या. नाहीतर व्यवहारावरच्या मर्यादेत रक्कम अडकू शकते.

टप्पा ३: प्रवेशाचा अर्ज भरतानाच निम्मी शिष्यवृत्ती ठरते

पालक शिष्यवृत्तीचा विचार प्रवेश झाल्यावर करतात. तोवर सगळ्यात मोठी संधी हातातून गेलेली असते.

अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफी योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, आहे. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) या योजनेत मंजूर जागांच्या ५ टक्के जास्तीच्या जागा असतात. त्या जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं आणि जागा निव्वळ गुणवत्तेवर मिळते. म्हणून मी हिला गुणवंतांची खरी शिष्यवृत्ती म्हणतो. चार वर्षांचं शुल्क मोजलं तर बहुतेक शिष्यवृत्त्या हिच्यापुढे लहान आहेत.

पण या जागा आपोआप मिळत नाहीत. कॅपच्या नोंदणी अर्जात या योजनेसाठी होकार द्यावा लागतो, उत्पन्नाचा दाखला तेव्हाच लावावा लागतो, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा निवडावा लागतो. त्याच कॉलेजच्या, त्याच शाखेच्या साध्या जागेचा कोड वेगळा. मुलं फक्त साधा कोड टाकतात आणि नंतर विचारतात की मला माफी का नाही. या जागांचा कटऑफ साध्या जागेपेक्षा सहसा वर असतो. म्हणून क्रम लावताना आवडीच्या शाखेचा टीएफडब्ल्यूएस कोड आधी आणि लगेच खाली त्याच शाखेचा साधा कोड, अशी जोडी लावा. वरचा नाही मिळाला तर खालचा हातात राहतो. माफी फक्त शिक्षण शुल्काची असते. विकास निधी, परीक्षा शुल्क, वसतिगृह हे खर्च राहतातच.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर हा लाभ नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. "जरा नावाजलेलं कॉलेज मिळतंय" म्हणून कोट्यातून प्रवेश घेण्यापूर्वी हा आकडा कागदावर मांडून बघा.

आयआयटीत जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी आहे.

खासगी विद्यापीठांच्या "मेरिट स्कॉलरशिप"बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे पालकांची फसगत होते असं मला मनापासून वाटतं. समुपदेशक फोनवर सांगतो, "तुमच्या मुलीला ५० टक्के स्कॉलरशिप मंजूर झालीय, आजच जागा पक्की करा." आज पैसे भरू नका. आधी ईमेलवर लेखी उत्तरं मागा. सवलत फक्त शिक्षण शुल्कावर आहे की एकूण शुल्कावर? पहिल्याच वर्षी की सगळी वर्षं? पुढच्या वर्षी ती टिकायला किती सीजीपीए लागतो? एखाद्या विषयात नापास झालं तर ती कायमची जाते की पुढच्या सत्रात परत मिळते? बारावीला ९० टक्के पडलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी ८.५ सीजीपीए राखणं वाटतं तेवढं सोपं नसतं. सवलत गेली तर उरलेल्या वर्षांचं पूर्ण शुल्क आपल्याला झेपेल का, याचा हिशेब प्रवेशाच्या दिवशीच करायचा असतो.

टप्पा ४: आपल्याला लागू पडणाऱ्या योजना गाळून घ्या

इंटरनेटवर शंभर शिष्यवृत्त्यांच्या याद्या सापडतात. त्यातल्या कित्येक बंद झालेल्या असतात. केव्हीपीवाय २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली आणि एनटीएसई २०२१ पासून स्थगित आहे. तरीही दोन्ही नावं दरवर्षी नव्या यादीत छापून येतात. यादीत ही दोन नावं दिसली की ती यादी बाजूला ठेवा.

केंद्रीय क्षेत्रीय शिष्यवृत्ती

एनएसपी, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ही योजना पीएम-यूएसपी या नावाखाली दिसते. दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत, नियमित पदवी अभ्यासक्रम. दूरस्थ शिक्षण किंवा पदविका चालत नाही.

अट अशी की बारावीत आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाईलच्या वर असायला हवं. इथे फार मोठा गोंधळ होतो. ७८ टक्के पडलेला मुलगा म्हणतो, मला ८० नाहीत, मी अर्ज करत नाही. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. समजा एका शाखेत एक लाख मुलं उत्तीर्ण झाली, तर ८० पर्सेंटाईलच्या वर म्हणजे गुणानुक्रमे वरची वीस हजार मुलं. त्यातल्या शेवटच्या मुलाला ८० टक्क्यांपेक्षा कमी गुण असू शकतात. कला, वाणिज्य, विज्ञान यांचे कटऑफ वेगवेगळे असतात. मंडळाने त्या वर्षासाठी जाहीर केलेला आपल्या शाखेचा आकडा बघितल्याशिवाय स्वतःला अपात्र ठरवू नका. तसंच, कटऑफच्या वर असलं की मिळालीच असंही धरू नका. पात्र अर्जांमधून गुणानुक्रमे जागा भरल्या जातात.

इन्स्पायर

मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० थेट विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. उत्पन्नाची अट नाही. आपल्या मंडळाच्या वरच्या १ टक्क्यात असावं लागतं. किंवा जेईई ॲडव्हान्स्ड अथवा नीटमध्ये पहिल्या १०,००० मध्ये क्रमांक असून विज्ञान शाखेची पदवी निवडलेली असावी लागते.

इथली चूक अभ्यासक्रम निवडताना होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भूशास्त्र असे ठरावीक १८ विषयच चालतात. बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स त्यात नाहीत. एका मुलीला ९६ टक्के होते. तिने बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला आणि ऑक्टोबरमध्ये मला फोन केला. तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्र त्याच कॉलेजात होतं. विषय मुलांनी आवडीनेच निवडावा, पण दोन विषय सारखेच आवडत असतील तर हा फरक माहीत असायला हवा.

दुसरी अट: बारावी झालेल्याच वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला असायला हवं. नीटसाठी एक वर्ष थांबून मग बीएस्सीला आलात तर मंडळाच्या गुणांवरचा हा दरवाजा बंद झालेला असतो.

तंत्रशिक्षणातल्या मुली, दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थी

एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, आणि प्रवेश पहिल्या वर्षात किंवा थेट दुसऱ्या वर्षात झालेला हवा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी सक्षम आणि अनाथ विद्यार्थ्यांसाठी स्वनाथ, रक्कम तेवढीच.

माजी सैनिकांची मुलं

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक पदवीसाठी मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, बारावीला किमान ६० टक्के. अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाकडे होतो, एनएसपीवर नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातल्यांच्या मुलांसाठी अशीच योजना आहे, ती मात्र एनएसपीवर.

महाडीबीटी

राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल, राज्याच्या योजना इथे. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ८ लाखांच्या आत उत्पन्न, शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. राज्य शासनाची खुली गुणवत्ता शिष्यवृत्तीही आहे, पण तिची रक्कम अगदी नाममात्र आहे. तिच्यासाठी मोठी योजना सोडू नका.

टप्पा ५: एकच निवडा, आणि आकडेमोड करून निवडा

सरकारी योजनांमध्ये बहुतेक ठिकाणी "अन्य शिष्यवृत्ती घेत नाही" असं हमीपत्र द्यावं लागतं. केंद्रीय क्षेत्रीय शिष्यवृत्तीत तर राज्याची शुल्कमाफी आणि शुल्क प्रतिपूर्तीसुद्धा "अन्य शिष्यवृत्ती"त मोजली जाते. दोन्हीकडे अर्ज केले आणि आधार क्रमांकावरून ते उघड झालं, तर एक रद्द होतो, कधी वसुलीची नोटीस येते.

म्हणून वही घ्या. समजा मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि शिक्षण शुल्क एक लाख आहे. राज्याच्या योजनेत ५०,००० वाचतात, केंद्राच्या योजनेत १२,००० मिळतात. निर्णय उघड आहे. आता समजा मुलगी अनुदानित कॉलेजात बीए करतेय आणि वर्षाचं शुल्क काही हजारांतच आहे. तिथे शुल्कमाफीपेक्षा हातात येणारे १२,००० कितीतरी मोलाचे. पुस्तकं, एसटीचा पास, खोलीचं भाडं, सगळं त्यातून निघतं. शेजारच्या मुलाने काय भरलं ते बघून आपला अर्ज भरू नका. तुमचं शुल्क आणि त्याचं शुल्क वेगळं आहे.

खासगी न्यासांच्या शिष्यवृत्त्यांचं गणित वेगळं. बऱ्याच संस्था सरकारी लाभासोबत आपली मदत चालवून घेतात, काही घेत नाहीत. नियमावलीत ती ओळ शोधा, आणि अर्जात आधीची मदत लपवू नका.

टप्पा ६: अर्ज भरणं

एनएसपीवर आता आधी एकवेळ नोंदणी, म्हणजे ओटीआर, करावी लागते. मोबाइलवर ॲप घेऊन चेहऱ्याची पडताळणी होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. हा क्रमांक पुढच्या सगळ्या वर्षांसाठी असल्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चेहरा पडताळणी भर उजेडात, चष्मा काढून करा. आधारवरचा फोटो सातवी-आठवीतला असेल तर ती वारंवार फसते. मग आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर वेळ हाताशी नसतो.

महाडीबीटीवर आधी प्रोफाइल पूर्ण करायचं: वैयक्तिक माहिती, पत्ता, चालू अभ्यासक्रम, मागची शैक्षणिक माहिती, वसतिगृह. "चालू अभ्यासक्रम" या पानावर सगळ्यात जास्त सावध राहा. एकाच संस्थेची सारख्या नावांची दोन-तीन कॉलेजं यादीत असतात. चुकीचं निवडलं की अर्ज भलत्याच कॉलेजच्या लॉगिनमध्ये जाऊन पडतो आणि तिथे तो कुणी उघडतही नाही. कॉलेजच्या कार्यालयातून संस्थेचा कोड लिहून आणा आणि तोच शोधा.

दाखल्यावरचा बारकोड क्रमांक जसाच्या तसा टाका. कागद मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाकडेतिकडे काढू नका. स्कॅनिंगच्या ॲपने सरळ काढा, मग फाइल लहान करा. लहान केल्यावर स्वतः उघडून वाचा. शिक्का आणि तारीख तुम्हाला वाचता आली नाही तर छाननी करणाऱ्यालाही येणार नाही.

मोबाइल क्रमांक आणि ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाला आपला ईमेल टाकून अर्ज भरतो. पुढे "त्रुटी दुरुस्त करा" असा संदेश त्याच्याकडे जातो आणि मुलाला पत्ता लागत नाही.

इशारा: या सरकारी पोर्टलांवर अर्जाला शुल्क नाही. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का ते बघा. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा" किंवा "ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या.

टप्पा ७: कॉलेजच्या टेबलावर

"सबमिट" झालं की मुलं निश्चिंत होतात. खरं काम इथे सुरू होतं. एनएसपीचा अर्ज आधी संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, त्याने पडताळला तरच वर सरकतो. महाडीबीटीवरही आधी लिपिक, मग प्राचार्य, मग विभाग असा प्रवास असतो. संस्थेने मुदतीत पडताळणी केली नाही तर ९५ टक्केवाल्याचा अर्जही तिथेच संपतो.

अर्ज भरल्यावर दोन दिवसांत त्याची छापील प्रत आणि सगळ्या कागदांच्या साक्षांकित झेरॉक्स कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच मागताना संकोच नको. शिष्यवृत्ती विभागात एकच कारकून असतो आणि शेकडो फाइली, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपली फाइल पूर्ण असणं, वर ठळक अक्षरात अर्ज क्रमांक, योजनेचं नाव आणि मोबाइल लिहिलेला असणं, याने त्याचंही काम हलकं होतं. अशी फाइल आधी हातात घेतली जाते, हे मी बघितलंय.

मग दर सोमवारी पोर्टल उघडून स्थिती बघा. एनएसपीवर "डिफेक्टिव्ह" आणि महाडीबीटीवर "सेंड बॅक" म्हणजे नकार नव्हे. त्रुटी दुरुस्त करून परत पाठवायची ती संधी असते. मात्र तिला मुदत असते. शेरा नीट वाचा. "उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट" लिहिलं असेल तर फक्त तोच बदला. घाबरून सगळे कागद पुन्हा टाकलेत तर नवी चूक शिरते.

तपासा: संस्थेच्या पडताळणीच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी अर्ज पुढे गेलाय का? नसेल तर स्वतः कार्यालयात जा, फोनवर भागवू नका.

टप्पा ८: खासगी न्यास आणि कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या

इथे गुण हे प्रवेशाचं तिकीट. निवड त्यापुढच्या गोष्टींवर होते. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती ५,००० विद्यार्थ्यांपर्यंत, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाख रुपयांपर्यंत देते. पहिल्या वर्षाचे, बारावीला किमान ६० टक्के असलेले आणि १५ लाखांच्या आत उत्पन्न असलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात, पण ऑनलाइन अभियोग्यता चाचणी सक्तीची आहे. अर्ज भरून चाचणी न देणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. कोटक कन्या शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत देते. पुण्यात आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत लीला पूनावाला फाउंडेशन मुलींसाठी काम करतं. याशिवाय तुमच्या जिल्ह्यातला ज्ञातीचा न्यास, सहकारी बँक, वडिलांच्या कंपनीचा कामगार कल्याण निधी यांकडेही विचारा. रक्कम पाच-दहा हजारांची असेल, पण अर्ज करणारेही मोजकेच असतात.

निबंधात "मी लहानपणापासून हुशार आहे" लिहू नका, ते गुणपत्रिका सांगतेच. एका मुलाने लिहिलं होतं: "वडील रिक्षा चालवतात. रात्री अकराला ते आले की मी अभ्यास थांबवून दिवसाचा हिशेब वहीत मांडतो. पेट्रोल, हप्ता, उरलेले. तिथून मला आकडे आवडायला लागले." संख्याशास्त्राला जाण्याचं कारण आणि घरची स्थिती तीन-चार ओळींत आली. मुलाखतीला त्याला त्या वहीबद्दलच विचारलं गेलं आणि तो वीस मिनिटं बोलला. तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल. ती शोधा.

शिफारसपत्र मागायला शिक्षकांकडे मुदतीच्या तीन आठवडे आधी जा, सोबत तुमची माहिती एका पानावर लिहून न्या. "सर, उद्या लागेल" म्हणून मिळालेलं पत्र दोन ओळींचं असतं.

टप्पा ९: पैसे आल्यानंतर

पहिला हप्ता आला की मुलं पोर्टल विसरतात. शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि ते आपोआप होत नाही. केंद्रीय क्षेत्रीय शिष्यवृत्तीसाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. उपस्थितीवरून हुशार मुलं अडकतात, कारण ती घरी बसून अभ्यास करतात. इन्स्पायरमध्ये दरवर्षी गुणांचा तपशील आणि उन्हाळी प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागतो. मार्गदर्शक प्राध्यापक मार्चमध्येच शोधा. मेमध्ये विभाग रिकामा असतो.

नूतनीकरण करताना "नवा अर्ज" दाबू नका, जुन्या अर्जावरूनच पुढे जा. कॉलेज बदललं असेल तर आधी जुन्या आणि नव्या दोन्ही कार्यालयांत कळवा. आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलला मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा: उत्पन्नाचा नवा दाखला.